जेल फोडणाऱ्यांच्या यादीत हिरोशिमावाला राहिला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत तुरुंगातून पळण्यावरच्या सिनेमांची यादी आली होती. यादी चांगली होती, पण सगळे सिनेमे इंग्रजी. कोणी बोगदा खणतो, कोणी समुद्रात उडी घेतो, आणि बाहेर पडला की वाजंत्री सुरू. मी कारागृह खात्यात एकतीस वर्षं काढली, आधी शिपाई, शेवटी हवालदार. त्यामुळे असे सिनेमे बघताना माझं लक्ष पळणाऱ्यापेक्षा पहाऱ्यावरच्या माणसाकडे जास्त जातं. त्या बिचाऱ्याचं पुढे काय झालं, हे कोणीच दाखवत नाही.

गेल्या मे महिन्यात नातू पुण्याहून आला होता. दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून कूलरसमोर बसून त्याने मला एक जपानी सिनेमा दाखवला. १९७४ सालचा, तोएई कंपनीचा. दिग्दर्शक सादाओ नाकाजिमा, नट हिरोकी मात्सुकाता. जपानी नाव लांबलचक आहे, अर्थ साधारण ‘जेलफोड : हिरोशिमाचा खुनी कैदी’ असा. खालच्या इंग्रजी ओळी नातू नागपुरीत सांगत होता, त्यामुळे जपानी जेलर ‘काहून बे’ म्हणून ओरडतो आहे असंच माझ्या डोक्यात बसलं.

गोष्ट महायुद्धानंतरची, १९४७ ची. काळ्या बाजारातल्या खुनासाठी उएदा नावाच्या माणसाला वीस वर्षं होतात आणि तो हिरोशिमाच्या जेलात येतो. मग पळतो. पकडला जातो. पुन्हा पळतो. दर वेळी शिक्षेत भर पडते आणि वीस वर्षांची दुपटीच्या वर जाते. याच्याकडे नकाशा नाही, महिनोन्‌महिन्यांची आखणी नाही. दार दिसलं की पाय निघतात. बाहेर येऊन तरी काय? चोरट्या मांसाच्या धंद्यात हात घालतो आणि पुन्हा आत. भैताडच म्हणायचं. मारहाण अती आहे, बायकांना तर त्यात काही जागाच नाही, आणि खुनी माणसासाठी आपण टाळी वाजवतो आहोत हे लक्षात आल्यावर मला जरा लाज वाटली. पण हसलोही खूप.

मला तो खरा वाटला, कारण असे कैदी मी पाहिलेत. पळणारा हुशारच असतो हा बाहेरच्यांचा समज आहे. आमच्याकडे ‘फरार’च्या नोंदीत भिंत चढलेले क्वचित असायचे. बहुतेक जण संचित रजेवर किंवा पॅरोलवर दारातून, सही करून गेलेले आणि परत न आलेले. त्यातला एक सहा महिन्यांनी स्वतःच्याच गावच्या जत्रेत पकडला गेला. लपायचं सोडून जत्रेत काय करत होता, असं विचारलं तर म्हणाला, “दरसाल जातो ना साहेब.”

आणि गिनती. जेल भिंतीवर चालत नाही, गिनतीवर चालतं. सकाळी बराक उघडताना मोजायचं, संध्याकाळी बंदीच्या वेळी मोजायचं, आकडा जुळेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. विदर्भातल्या एका जिल्हा जेलात माझ्या ड्युटीत एका संध्याकाळी एक माणूस कमी भरला. चार वेळा मोजलं, चारही वेळा एक कमी. सुभेदार माझ्याकडे बघेनात. मला भारतीय दंड संहितेचं कलम २२३ पाठ होतं. पळणाऱ्याला २२४ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, आणि ज्याच्या हलगर्जीने तो पळाला त्या सरकारी नोकराला २२३ खाली दोन वर्षांपर्यंतच, फक्त साधी. (आता न्याय संहितेत नंबर बदललेत, २६१ आणि २६२.) पाऊण तासाने तो गडी पाण्याच्या टाकीमागे घोरताना सापडला. त्या रात्री मी जेवलो नाही.

म्हणून आग्र्याची गोष्ट मी मुलांना वेगळी सांगायचो. १६६६ साली महाराज पेटाऱ्यातून निसटले हे सगळ्यांना ठाऊक. पण पलंगावर हिरोजी फर्जंद शेला ओढून झोपला होता आणि हातातली अंगठी तेवढी बाहेर दिसत होती, अशी जी कथा आहे, ती आमच्या खात्याने रोज सकाळी वाचावी अशी आहे. फौलादखानाच्या माणसांनी अंगठी मोजली, माणूस नाही मोजला.

तिकडे जपानात योशिए शिराटोरी नावाचा खराच एक कैदी होऊन गेला. १९३६ ला आओमोरी, १९४२ ला आकिता, १९४४ ला आबाशिरी, १९४७ ला सप्पोरो, अशा चार जेलांतून पळाला. आबाशिरीत म्हणे जेवणातलं मिसोचं सूप रोज लोखंडावर ओतून त्याने ते गंजवलं. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा. आपल्या भागात एवढं सोयाबीन पिकतं, पण हा उपयोग कोणाला सुचल्याचं ऐकलं नाही. सप्पोरोला पहाऱ्याने धडा घेतला. हा वरून जातो म्हणून छत पक्कं केलं, नजर वर ठेवली. गडी जमिनीखालून गेला. जुन्या आबाशिरी जेलाचं आता संग्रहालय झालंय. तिथे छताला चढणारा त्याचा पुतळा आहे. पहारेकऱ्यांपैकी कोणाचं नाव मला कुठे दिसलं नाही.

नागपूरकरांना हे परकं वाटू नये. ३१ मार्च २०१५ च्या पहाटे आपल्या मध्यवर्ती कारागृहातून पाच कैदी गेले तेव्हा मी निवृत्त होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून शेजारी म्हणाले, एप्रिल फूल असेल. मला मात्र आधी रात्रपाळीवाल्यांच्या बायका आठवल्या.

तर विनंती एवढीच, की यादीचा पुढचा भाग काढाल तेव्हा हा हिरोशिमावाला त्यात घ्यावा. शहरातल्या एखाद्या फिल्म मंडळाने तो मराठी ओळी टाकून दाखवायचं मनावर घेतलं तर शब्दांसाठी मला बोलवा. नातवाने कोठडीला ‘खोली’ केलं, बंदीला ‘दार लावायची वेळ’ केलं आणि वॉर्डरला सरळ ‘वॉचमन’. तिथे मी सिनेमा थांबवून त्याला चहा करायला पाठवलं.

आपला,
एक निवृत्त हवालदार, अजनी, नागपूर