परमा-गरमीवरची झाडपाल्याची औषधं आणि लॅबचे रिपोर्ट

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

वनौषधींवर लेख छापता ते चांगलंच आहे, पण 'अमुक पाल्याने गुप्तरोगाचे जंतू मरतात' असं कुठे वाचलं की लॅबमध्ये नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला गप्प बसवत नाही. लॅबमधल्या प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीत, जंतू मरणं वेगळं आणि पेशंट बरा होणं वेगळं.

परमा (गनोरिया) आणि गरमी (सिफिलिस) हे दोन्ही रोग मुळात फसवे. गरमीची पहिली जखम बहुतेक दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत काही न करताही भरून येते, जंतू मात्र अंगात तसाच राहतो. परम्याचा पू पण बऱ्याच जणांचा आपोआप थांबतो, बायकांना तर कित्येकदा काहीच जाणवत नाही आणि पुढे मूल राहीना म्हणून तपासायला गेल्या की गर्भनळ्या खराब झालेल्या निघतात. मधल्या काळात कुणी काढा दिला असेल तर श्रेय काढ्यालाच जाणार ना! म्हणून 'आमच्याकडे आज्यापासून गुण येतो' हा पुरावा इथे धरता येत नाही.

चंदनाचंच घ्या. पेनिसिलीन यायच्या आधी युरोपात परम्यावर चंदनतेलाच्या कॅप्सूल सर्रास देत, कंकोळ हे मिरीसारखं फळही देत. महायुद्धामुळे लाकूड जर्मनीला जाईना तेव्हा म्हैसूर संस्थानाने 1916 मध्ये तेलाचा स्वतःचा कारखाना काढला, एवढा तो धंदा मोठा. पेनिसिलीन आलं आणि परम्यावरचं चंदनतेल मागे पडलं.

तरी झाडपाल्याचं टेस्टिंग व्हायलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. परम्याच्या जंतूने एकेक औषध पचवलं, सल्फा पचवलं, पेनिसिलीन पचवलं, सिप्रो पचवलं, आणि 2009 मध्ये जपानात सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकलाही दाद न देणारा जंतू सापडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2020 या एका वर्षात परम्याच्या 8 कोटी 20 लाख नव्या केसेस झाल्या. नवीन औषध कुठूनही मिळो, झाडातून मिळालं तर आनंदच आहे.

पण मग नीट तरी करा. परम्याचा जंतू भलता नाजूक, त्याला वाढायला तापवलेल्या रक्ताचं 'चॉकलेट अगार' नावाचं खाद्य लागतं, कार्बन डायऑक्साइड लागतो, नाहीतर तो तसाही वाढत नाही आणि आपण म्हणणार अर्काने मेला! अर्क ज्या सॉल्व्हंटमध्ये (द्रावकात) विरघळवला ते अर्काशिवाय नुसतं जंतूवर टाकून बघितलं का? जुना लॅबमधला जंतू घेतला की औषधाला न जुमानणाऱ्या पेशंटचा? आणि मात्रा किती? सेफ्ट्रायॅक्सोन मिलिलिटरला पाव मायक्रोग्रॅमच्या आत काम करतं, अर्क एक मिलिग्रॅम लागला तर ती चार हजार पट झाली, तेवढं पोटातून रक्तात पोचणार कसं? गरमीचा जंतू तर 2018 पर्यंत लॅबमध्ये फार दिवस टिकवताच येत नव्हता, तेव्हा त्याच्यावर प्लेट लावून रिझल्ट आला असं कुणी सांगितलं तर सरळ हसा.

अशा बातम्यांत निदान जंतू कुठला, मात्रा किती आणि प्रयोग प्लेटवर की माणसावर, एवढं छापत जा.

आणि गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिरातींवर 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी छोट्या जाहिरातींच्या रकान्यात त्या अजून दिसतात. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात, जोडीदारालाही. त्या जागेत हे छापा की.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सांगली