स्लॅबखालून, मंत्रीमहोदयांस

मा. मंत्रीमहोदय,
सा. न.

रायगडच्या किनाऱ्यावरून लिहिते आहे. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट सांगते. गेल्या मंगळवारी मध्यरात्री माझ्या सासूबाई पडवीच्या पायरीवरून पडल्या, उजवं मनगट मोडलं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई त्या वेळी अंगणात काय करत होती, असं डॉक्टरांनी विचारलं. झोपायला जागा शोधत होती, साहेब.

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने आमची कौलं नेली. पुढे घरकुल मिळालं, 1 लाख 20 हजारांचं. वरचा खर्च बचत गटाचं कर्ज आणि माझ्या पाटल्या यांतून. घराबद्दल आभार, मनापासून. पण रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून स्लॅबला आतून हात लावा. घावणे संपल्यावर बिडाचा तवा लागतो, तसा लागतो. पंखा तीच धग खाली ढकलतो. पूर्वी ती कौलांच्या फटींतून निघून जायची. बाहेर झोपावं, तर फुरशासारख्या विषारी सापाची भीती.

मागच्या वर्षी तुमचे साहेब ग्रामसभेत म्हणाले, दिवाळीपर्यंत सगळ्या घरकुलांवर पांढरा लेप देऊ, ऊन परतून जाईल. शाल-श्रीफळ झालं, फोटो निघाले. दिवाळी गेली, शिमगाही गेला. त्याआधी मी खराट्याने चुना फासला होता, बरं वाटलं होतं, तो पावसाने धुतला. चुना तुम्हीही लावलात, तो मात्र टिकला.

जिथे अर्ज घेऊन खेपा घालते, त्या नव्या इमारतीला पश्चिमेकडून नुसती काच, वर छज्जा नाही. थंड देशांत दुहेरी काच लावतात ती घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. तिथे घर गरम ठेवायला इंधन जळतं. आपण ऊन आत घ्यायचं आणि एसीने बाहेर काढायचं? बाहेरचे डबे मोजले, 14 आहेत. तासाला दीड युनिट धरलं, आठ तास, युनिटमागे 0.7 किलो, तर रोज शंभर-सव्वाशे किलो कार्बन डायॉक्साइड. (हिशोब इकडेतिकडे असेल, मी बारावी आहे.) आत क्लार्कांनी काचेवर वर्तमानपत्रं चिकटवली आहेत आणि भर दुपारी ट्यूब लावून बसलेत.

मुलाने मोबाइलवर दाखवलं, केंद्राने 2018 मध्ये इको निवास संहिता काढली. छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात आहे. पण ती 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटसाठी. ऊन काय सातबारा बघून तापतं? मोठ्यांच्या छपराला कायदा आणि आम्हाला ओलं फडकं! अर्थात मुंबई-गोवा रस्त्याचं काम 2011 पासून चालूच आहे. आमच्या लेपाला जेमतेम वर्ष झालंय, हे मला कळतं.

सासूबाईंचं प्लास्टर निघेल तेव्हा मृग लागलेला असेल. लेप कोरड्या स्लॅबवरच बसतो, तेव्हा माणूस त्याआधी पाठवा. रात्री अकराला पाठवा. स्टूल मी देते.

आपली,
एक घरकुलवाली