एक्सेलमध्ये गल्लीची रुंदी नसते

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात आठवड्याला एक तरी फोटो असतोयच, नवा कोरा डांबरी रस्ता आणि त्यात परत मारलेली चर. मग ठेकेदार चोर, इंजिनियर झोपलेत वगैरे. मी स्वतः छोटा ठेकेदार, त्यामुळं त्या शिव्या मलाही लागू. पण सगळंच काही चोरीनं बिघडत नाही, तारखा बरोबर असतात आणि जागा चुकते असं पण होतंय, हे कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत तीन मजली घर करत होतो. गल्ली १२ फूट. बार चार्ट, म्हणजे कुठलं काम कधी ते दाखवणारा तक्ता, मीच एक्सेलमध्ये केलेला, रंगीत पट्ट्या, मालकानं हौसेनं प्रिंट काढून भिंतीला चिकटवला. त्यात घरासमोर सोडलेल्या मोकळ्या जागेतल्या पाण्याच्या टाकीची खुदाई वरच्या एका ओळीत आणि दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पार खाली, दोन्हीच्या तारखा एकच, पण खड्डा आणि काँक्रीट वर चढवायचा पंप एकाच जागेवर येणार हे त्या पट्ट्या सांगतायत कुठं! स्लॅबच्या दिवशी सकाळी आरएमसीचा, म्हणजे तयार काँक्रीटचा, मिक्सर गल्लीच्या तोंडाला आला, पंप उभा करायचा तिथं पुरुषभर खड्डा, मागं शाळेच्या रिक्षा अडकल्या, दूधवाला हॉर्न मारतोय, आणि समोरच्या आजी कठड्यावरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. मिक्सर भरल्यापासून २ तासात माल खाली व्हावा लागतो. नाही झाला. गाडी माघारी, पैसे माझे.

पुतण्या सिव्हिल इंजिनियरिंगला आहे. तो म्हणाला, काका, जागा आणि तारखा एकत्र बघायच्या याला फोर-डी म्हणतात, लांबी रुंदी उंची आणि चौथी वेळ. त्यानं घराचं थ्री-डी मॉडेल केलं आणि प्रत्येक कॉलम, बीम, स्लॅब माझ्याच बार चार्टमधल्या तारखेला जोडला, खड्डा आणि पंपसुद्धा नुसते डबे काढून जोडले. खाली एक पट्टी असते ती माउसनं सरकवायची, घर दिवसादिवसानं उभं राहतंय. सरकवत स्लॅबच्या तारखेवर आला आणि पंप थेट खड्ड्यात घुसलेला, लालभडक. मी गपगार.

आणखी एक गोष्ट त्यात दिसली, टेकूंची. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यापुढं १४, सहा मीटरवरच्या बीमला २१ दिवस काढायचे नाहीत, हे आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात आहे आणि आम्हाला पाठ आहे, पण वरचा स्लॅब भरायच्या दिवशी खालच्या मजल्यावर टेकूंचं जंगल अजून उभंच आहे आणि त्यातच मी फरशीवाल्याला बोलवलंय, हे पाठांतरातून दिसत नाही राव.

यात नवीन काय नाही. नागपूर मेट्रोनं फाइव्ह-डी वापरलंय, म्हणजे वर खर्चही जोडलेला. ब्रिटननं २०१६ पासून केंद्र सरकारच्या कामांना बिम, म्हणजे ही मॉडेलवाली पद्धत, सक्तीची केली. आपल्याकडं मोठे लोक याचा व्हिडिओ करून प्रेझेंटेशनला दाखवतात, म्युझिक लावून, इमारत फुलासारखी उमलते, टाळ्या पडतात आणि फाइल बंद. त्याचा उपयोग शून्य. सॉफ्टवेअरला आपलं कॅलेंडर पण माहीत नसतंय. पंचगंगा ४३ फुटांवर, म्हणजे धोक्याच्या पातळीवर गेली की वाळूची गाडी येत नाही, नवरात्रात अंबाबाईच्या देवळाजवळ महाद्वार रोडकडं ट्रक घालायची सोय नाही, विजापूरकडची माणसं सणाला गावी गेली की कधी परत येतील ते तीच जाणोत. हे आपणच भरायला लागतंय.

म्हणून एक मागणी. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला जळालं. १९१५ चं बांधकाम, लागूनच खासबाग मैदान, चारी बाजूंनी वर्दळ. तिथल्या कामाचं असं तारखांचं मॉडेल महापालिकेनं करून घ्यावं आणि स्क्रीन लावून गेटवर ठेवावं, कुठल्या आठवड्यात क्रेन कुठं, कुठला रस्ता बंद. लोक बघतील, चुका पण काढतील. पेठेतल्या ड्रेनेज आणि रस्त्याच्या टेंडरला पण हीच अट घाला, निदान चर आधी का डांबर आधी हे तरी कळेल.

चुका काढतील असं उगीच म्हणत नाही. आमचं मॉडेल मुकादमाला दाखवलं. चौथी पास माणूस, चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि म्हणाला, "सायेब, सगळं झ्याक हाय, पर शेजाऱ्याची बुलेट कुठाय? ती रोज हितंच असती की." पुतण्यानं गप एक डबा काढला आणि तिथं ठेवला.

आपला,
एक साइटवाला, मंगळवार पेठ, कोल्हापूर