जोडीचं वजन म्हणून एका बुटाचं वजन छापणाऱ्या कंपनीस

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: कॅम्प शूजचं खोटं वजन, तुटलेला टाचेचा पट्टा आणि काल तुमच्या प्रतिनिधीने दिलेलं उत्तर

काल संध्याकाळी तुमच्याकडून माझी तक्रार ‘निकाली काढल्याचा’ मेसेज आला. ती निकाली निघालेली नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्याच वेबसाइटवरून मी ८९९ रुपयांना फोमचे कॅम्प शूज घेतले. खोक्यावर ‘वजन (जोडी): १९० ग्रॅम’ असं छापलंय. घरच्या काट्यावर एकच बूट १९२ ग्रॅम भरला. खात्रीसाठी वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिला, तिथेही तेच. जोडी ३८४ ग्रॅम. त्याच दिवशी फोन केला, तक्रार नोंदवली. ‘परत फोन करतो’ म्हणालात. फोन आला नाही.

कॅम्प शूज कशासाठी घेतात हे तुम्हाला सांगायला नको, ते तुम्हीच बनवता. दिवसभर ओल्या ट्रेकिंग शूजमध्ये कोंडलेले पाय मुक्कामी मोकळे व्हावेत आणि रात्री गुहेबाहेर पडताना पायात काहीतरी असावं. बूट पुढून बंद हवेत, कारण अंधारात ठेच लागते आणि सह्याद्रीत दगडाखाली विंचू असतात. थंडीत मोज्यांवर चढले पाहिजेत, म्हणून अंगठ्याची चप्पल चालत नाही. टाचेला पट्टा हवा, नाहीतर ओढ्याची धार बूट पायातून काढून नेते. यातलं सगळं बाजारात तीन-चारशे रुपयांच्या साध्या फोमच्या क्लॉगमध्येही (पुढून बंद, टाचेला पट्टा असलेल्या चपलेत) मिळतं. वरचे पैसे मी फक्त त्या १९० ग्रॅमसाठी मोजले.

ट्रेक होता रतनगड ते हरिश्चंद्रगड. रतनवाडीतून चढायचं, कात्राबाईची खिंड पार करून कुमशेतला उतरायचं आणि पाचनईवरून हरिश्चंद्रगड गाठायचा. तंबू, शिधा, भांडी, सगळं आपल्याच पाठीवर. कुमशेतच्या पुढे मुळा नदी ओलांडताना ट्रेकिंग शूज गळ्यात अडकवले आणि तुमचे बूट घातले. पाणी गुडघ्याच्याही खाली होतं. मधोमध पोचलो आणि डाव्या बुटाचा पट्टा सुटला. बूट वाहून चालला होता, मागच्या सोबत्याने काठीने अडवला. पट्टा बुटाला जोडणारी रिव्हेट शाबूत आहे, तिच्याभोवतीचा फोम फाटलाय. दुप्पट वजन देऊनही जिथे जाडी हवी तिथे ती दिलेली नाही. गडावर दोन्ही रात्री तो बूट सुतळीने बांधून वापरला.

आता कालचा फोन. तो मी सविस्तर लिहितोय, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असणार आणि ते तुम्ही ऐकावं अशी माझी इच्छा आहे.

प्रतिनिधीचा पहिला प्रश्न: “सर, प्रॉडक्ट पाण्यात वापरलं होतं का?” मी हो म्हटलं, नदी ओलांडताना. “मग वॉरंटी लागू होत नाही.” मी म्हटलं, तुमच्या वेबसाइटवर याच बुटांचा दुसरा फोटो उघडा. त्यात एक माणूस ओढ्यात उभा आहे, घोट्यापर्यंत पाण्यात, पायात हेच बूट. त्याने होल्डवर टाकलं. बराच वेळ तुमच्या जाहिरातीचं संगीत ऐकलं. मग परत येऊन म्हणाला, “सर, तो फोटो फक्त रिप्रेझेंटेशनसाठी आहे.” पाण्यात चालत नसेल तर पाण्यातला फोटो का छापलात, या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. वजनाचं विचारलं. “सर, वजन एका बुटाचंच देतात.” खोकं हातात होतं. त्यावरचा ‘जोडी’ हा शब्द मी त्याला दोनदा वाचून दाखवला. तेव्हा तो म्हणाला, “सर, दोनशे ग्रॅमने काय होतं? एवढं हलकं हवं होतं तर साधी स्लीपर न्यायची ना.”

हे तुमची कंपनी म्हणते, जी ‘प्रत्येक ग्रॅम मोजा’ असं जाहिरातीत लिहून हे बूट विकते. वरिष्ठांशी बोलायचंय म्हटलं, तर “सर, तेही हेच सांगतील.” बूट परत घ्या म्हटलं, तर “सर, तुम्ही वापरलेत.” वापरण्याआधीच तक्रार नोंदवली होती, तिचा क्रमांक दिला, तर “ती सिस्टीममध्ये क्लोज दिसतेय.” शेवटी पुढच्या खरेदीवर शंभर रुपयांचं कूपन देऊ केलं. पाच मिनिटांनी मेसेज आला: सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यासमोरची उत्तरं तुम्ही लिहून दिलेली आहेत.

दोनशे ग्रॅमने काय होतं? तेवढ्या वजनात हेडटॉर्च आणि तिच्या जादा बॅटऱ्या येतात. १९० छापून ३८४ ग्रॅमचे बूट विकणं ही छपाईची चूक असेल, तर पहिल्याच फोनला दुरुस्त झाली असती. आजही वेबसाइटवर १९० च आहे.

माझी सॅक तुमचीच आहे, कित्येक पावसाळे काढलेली. तिचं वजन कधी तपासलं नव्हतं, काल तपासलं. छापलंय तेवढंच भरलं. म्हणजे तुम्हाला वजन करता येतं. याचंच जास्त वाईट वाटलं. नव्या पोरांना सॅक घ्यायची असली की मी तुमचं नाव सांगायचो. आता सांगणार नाही.

पूर्ण ८९९ रुपये परत करा आणि वेबसाइटवर व खोक्यावर जोडीचं खरं वजन छापा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. माझ्या पहिल्या तक्रारीला पोचही मिळालेली नाही. एका महिन्यात पैसे आले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, तिथेही तो ओढ्यातला फोटो पाठवीन.

बूट, खोकं, बिल आणि काट्यावरचे फोटो माझ्याकडे आहेत. कूपन नको.

तुमचा ग्राहक,
नाशिक