ती गोळी तर जुनीच आहे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,

सविनय नमस्कार.

मी कर्करुग्णांना औषधं देणाऱ्या खिडकीमागे बसणारा फार्मासिस्ट. "घरी आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. बहुतेक जण "काही नाही" म्हणतात. मग खोदावं लागतं. बीपीची? साखरेची? युरिक ॲसिडची? "हां, ती आहे. पण ती तर जुनीच आहे." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

ती जुनी गोळी बहुधा ॲलोप्युरिनॉल असते. पायाचा अंगठा रातोरात लालबुंद सुजतो, त्यावर चादरसुद्धा टेकवत नाही, त्या गाउटसाठी ती वर्षानुवर्षं घेतली जाते. शरीरात युरिक ॲसिड बनवणारं झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम ती अडवते. पण रक्ताच्या काही कर्करोगांत दिली जाणारी मर्कॅप्टोप्युरीनची गोळी मोडून निकामी करायचं कामही हेच एन्झाइम करतं. ते अडलं, की औषध अंगात साचत जातं आणि नेहमीचाच डोस डोईजड होतो. अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी घसरतात. मग ताप, तोंडात फोड, अंगावर न लागता उठलेले काळेनिळे डाग. दोन्ही गोळ्या द्यायच्याच असतील, तर मर्कॅप्टोप्युरीनचा डोस नेहमीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर आणून वरचेवर रक्त तपासावं लागतं. फेबुक्सोस्टॅट ही गाउटची दुसरी गोळीही तेच एन्झाइम अडवते. तिच्यासोबत तर मर्कॅप्टोप्युरीन द्यायचंच नसतं. म्हणजे एक नको तर दुसरी घ्या, अशी सोय इथे नाही.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, असं मात्र म्हणता येणार नाही. या दोन गोळ्या एकाच घरात वाढलेल्या आहेत. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या मर्कॅप्टोप्युरीनला अमेरिकेत 1953 साली मान्यता मिळाली. ते शरीरात फार लवकर मोडतं, म्हणून त्याचा मोड थांबवायला याच मंडळींनी ॲलोप्युरिनॉल तपासायला घेतलं. रुग्णांवर वापरताना दिसलं, की त्याने युरिक ॲसिडही उतरतं. गाउटचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली ती नंतर, 1966 मध्ये. दोघांना 1988 चं नोबेलही मिळालं. थोडक्यात, आज ज्याला आपण दुष्परिणाम म्हणतो, तोच या औषधाचा मूळ हेतू होता! तो कागदोपत्री ठाऊक असून खिडकीपर्यंत पोचत नाही, हे माझं दुखणं आहे.

तो का पोचत नाही, तेही सांगतो. गाउटची गोळी एक डॉक्टर लिहितात, केमोची दुसरे. दोन कागद, दोन दुकानं. शिवाय केमो म्हणजे सलाईन, असंच लोकांच्या मनात पक्कं बसलेलं. घरी बसून पाण्याबरोबर घ्यायची गोळी हीदेखील केमो असते, हे गाउटच्या डॉक्टरांना सांगायला हवं असं रुग्णाला वाटतच नाही. ॲझाथायोप्रिनची गत आणखी फसवी. ते मूत्रपिंड बदललेल्यांना किंवा संधिवातात देतात, पण शरीरात गेल्यावर त्याचं मर्कॅप्टोप्युरीनच होतं. त्या रुग्णाचा तर कर्करोगाशी संबंधही नसतो.

गाउटच्या इतर औषधांचंही थोडक्यात सांगतो. प्रोबेनेसिड मूत्रपिंडातून बाहेर पडणारं मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध रोखून धरतं. कोल्चिसिन सुरू असताना केमोच्या रुग्णाला बुरशीविरोधी इट्राकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, तर कोल्चिसिनची विषबाधा होऊ शकते. आणि अंगठा ठणकतो म्हणून दुकानातून परस्पर आणलेली आयब्युप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक गोळीसुद्धा मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या डोसबरोबर महागात पडते.

माझी मागणी जनजागृती सप्ताहाची नाही. फलक लागतात, फोटो निघतात, पुढच्या आठवड्यात फलक उतरतात. मला हवी आहे स्ट्रिपवर एक ओळ, रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत आणि भिंग न लागता दिसेल अशा अक्षरांत. मर्कॅप्टोप्युरीन, ॲझाथायोप्रिन, ॲलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट, चारही औषधांच्या पाकिटांवर ती सक्तीची करा. गोळ्यांची केमो घरी नेणाऱ्या प्रत्येकाला खिशात मावेल असं एक कार्ड द्या, कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की आधी टेबलावर ठेवायचं. आणि औषधविक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये या जोड्या एकत्र आल्या, की फार्मासिस्टने कारण नोंदवल्याशिवाय बिल निघू नये. माझं काम यामुळे वाढेल, तरी मागतो आहे.

एक सांभाळा. ओळ लिहिताना "धोका" एवढंच छापू नका. घाबरून लोक गोळी आपणच बंद करतात, आणि तेही घातक. काही कर्करोगांत केमो सुरू होताच पेशी भराभर फुटतात, युरिक ॲसिड एकदम चढतं आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. ते टाळायला कर्करोगतज्ज्ञ स्वतःच ॲलोप्युरिनॉल देतात. काही ठिकाणी तर तज्ज्ञ रक्ततपासणीच्या पहाऱ्यात मर्कॅप्टोप्युरीन आणि ॲलोप्युरिनॉल ही जोडी मुद्दाम वापरतात. दोष जोडीचा नाही, ती कुणाला न कळता जुळण्याचा आहे.

म्हणून गाउटच्या पाकिटावरच्या ओळीचा मसुदा मीच देतो : "मर्कॅप्टोप्युरीन किंवा ॲझाथायोप्रिन चालू असल्यास ही गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. सुरू असलेली गोळी आपल्या मनाने थांबवू नका." उरलेल्या दोन औषधांसाठी फक्त नावं बदलावी लागतील.

आपला,
औषधखिडकीमागचा एक फार्मासिस्ट