खाजणातले पक्षी कानांनी मोजावेत

संपादक महोदय,

मुंबईच्या मिठागरांविषयीची पत्रे आपल्या वृत्तपत्रात वाचली, म्हणून सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाचा अनुभव कळवतो. येथील १५,१०० एकर मिठागरे २००३ साली कारगिल या अमेरिकी कंपनीकडून सार्वजनिक मालकीत आली आणि त्यांपैकी अनेकांचे बांध टप्प्याटप्प्याने फोडून, तेथे पुन्हा खाजण तयार व्हावे म्हणून भरतीचे पाणी आत घेण्यात आले.

पाणी आले की पक्षी आले, असे मात्र होत नाही. गाळ साचून तळ उंचावतो, त्यावर खाऱ्या पाण्यातली झुडपे आणि गवत रुजते, आणि मगच ‘रिजवेज रेल’ हा पाणकोंबडीच्या कुळातला दुर्मीळ पक्षी तेथे वस्ती करतो. तो क्वचितच दिसतो, त्यामुळे गणना कानांवरच चालते: हिवाळा सरताना, पहाटे किंवा सायंकाळी, ठरलेल्या जागी निमूट उभे राहून प्रत्येक हाकेची वेळ, दिशा आणि अंदाजे अंतर टिपायचे, जेणेकरून एकच पक्षी दोनदा मोजला जाणार नाही. वारा सुटला तर फेरी वाया गेली म्हणायची.

अशा नोंदींमुळेच एक अडचणीची गोष्ट उघड झाली. आक्रमक संकरित स्पार्टिना गवत काढल्यावर काही ठिकाणी हे पक्षी घटले, कारण त्यांनी त्याच गवताचा आडोसा धरला होता.

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. तेथील फ्लेमिंगो सर्वांना दिसतात. तिवरांत दडणाऱ्या पक्ष्यांचीही दरवर्षी त्याच जागांवरून, अशीच ऐकून गणना व्हावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया