आध्यात्मिक प्रवास कसला, ही तर भाऊबंदकी!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत भावंडांवरच्या सिनेमांची यादी आलीय त्यात 'द दार्जिलिंग लिमिटेड' दिसला आणि एकदम भारी वाटलं, पण त्याच्या खाली 'आत्मशोधासाठी भारतात आलेल्या तीन भावांचा आध्यात्मिक प्रवास' असं जे एका ओळीत उरकलंय ते वाचून राहवेना म्हणून हे पत्र. ज्यांनी कुणी लिहिलं त्यांनी एकतर नुसता ट्रेलर बघितलाय नाहीतर सिनेमा चालू असताना मोबाईलमध्ये डोकं होतं. (दार्जिलिंगही त्यात कुठे नाहीये हो, नाव फक्त आगगाडीचं, गाडी धावते राजस्थानात. असो.)

दिग्दर्शक वेस अँडरसनचा 2007 चा सिनेमा. वडील जाऊन वर्ष झालंय, तेव्हापासून तिघं भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. आता थोरला फ्रान्सिस, म्हणजे ओवेन विल्सन, डोक्याला बँडेजचा पसारा घेऊन दोघांना भारतात बोलावतो आणि म्हणतो आपण पुन्हा पहिल्यासारखे भाऊ व्हायचं. म्हणजे कसं, तर टाईमटेबलप्रमाणे! सोबत एक असिस्टंट आणलाय, तो त्याच गाडीत बसून रोजचा कार्यक्रम छापून लॅमिनेट करून देणार, अमुक वाजता देऊळ, तमुक वाजता शांती. दोघांचे पासपोर्ट थोरल्याने स्वतःकडे ठेवलेत आणि जेवायला बसले की तिघांची ऑर्डरही तोच देतो. यात अध्यात्म कुणाला दिसलं असेल तर त्यांच्या घरात थोरला भाऊ नसणार.

मोरपिसांचा विधी आहे ना, तिथे तर हसून हसून पुरेवाट. थोरल्याने सगळं समजावलेलं असतं, तरी धाकटे आपापल्या मनाने काहीतरी भलतंच करतात आणि हा वैतागतो की तुम्ही सूचनाच वाचल्या नाहीत. आपल्याकडे पूजेला बसल्यावर 'अरे उजव्या हाताने, उजव्या!' असं मागून कुणीतरी ओरडतं ना, सेम तेच. दिग्दर्शक हसतोय तो या लोकांच्या इन्स्टंट शांतीवर, आणि तुमच्या पुरवणीने तीच शांती खरी धरून शिफारस केलीय.

मला विचाराल तर सगळा सिनेमा चष्म्यात आहे. मधला पीटर, एड्रियन ब्रॉडी, वडिलांचा गॉगल घालून फिरतो, आणि त्यात नंबर वडिलांचा. थोरल्याला ते खुपतं. वडिलांचं रेझर, गाडीची किल्ली, तेही पीटरनेच ठेवलंय, परत वर ऐकवतो की मी त्यांचा लाडका होतो. आपल्याकडची भाऊबंदकी सातबाऱ्यावर पेटते, यांची रेझरवर, पण वास एकच. आम्ही तिघं भावंडं, मी मधली. बाबा गेल्यावर त्यांची जुनी टॉर्च धाकट्याने न विचारता नेली. पेटत नव्हती ती, सेलही गळलेले, तरी मी आठ महिने त्याच्याशी धड बोलले नव्हते. त्यामुळे तो गॉगल बघताना मला हसू येत होतं की काय येत होतं ते माझं मलाच कळेना.

आणि ते 'त्याला सांगू नकोस हं'! पीटरची बायको गरोदर आहे हे तो आधी धाकट्या जॅकला सांगतो, थोरल्याला नाही, मग थोरल्याला कळतं आणि तो दुखावतो ते बातमीने नाही तर आपल्याला दुसऱ्या नंबरला कळली म्हणून. हे कुणाच्यातरी घरातून उचललेलंच असणार. कथा लिहिणाऱ्या तिघांपैकी रोमन कोपोला आणि जेसन श्वार्ट्झमन (जॅक झालाय तो) हे खरे मामेभाऊ-आतेभाऊ आहेत आणि तिघांनी लिहिण्यासाठी भारतात रेल्वेने प्रवासही केला होता, तेव्हा ही भांडणं कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

आता तक्रार. पुढे नदीत तीन पोरं वाहत जातात, हे तिघं उड्या मारतात, दोन वाचतात, पीटरच्या हातातलं जातं. त्या मुलाचा बाप इरफान. त्याच्या तोंडी फार काही नाहीच, तो नुसता त्या पोराजवळ असतो, आणि तेवढ्यात पडदा त्याचा होतो. पण मग कॅमेरा परत या तिघांकडे. आपल्या गावातलं पोर मेलं आणि त्यांचं आपसातलं जमलं, हा हिशोब मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. परदेशी लोक आपल्याकडे साप आणि साधू शोधतात म्हणून या सिनेमाला नावं ठेवणारे बरेच भेटले (साप आहे, पीटर विकत घेतो आणि तो रेल्वेच्या डब्यात सुटतो), मला त्याचं काही वाटत नाही, ती चेष्टा त्यांचीच आहे. हे मात्र खटकतं.

तरी तिथूनच जो कट आहे त्यासाठी मी तो सिनेमा परत बघेन. पांढऱ्या कपड्यात तिघं मुलाच्या अंत्यविधीला निघालेत आणि एकदम वर्षभर मागे, तेच तिघं काळ्या सुटात, वडिलांच्या अंत्यविधीला चाललेत आणि वाटेत गॅरेजमध्ये थांबलेत, का, तर दुरुस्तीला टाकलेली वडिलांची गाडी आत्ताच्या आत्ता पाहिजे. गाडी तयार नाही. मेकॅनिक सांगतोय तरी ऐकत नाहीत, तिकडे अंत्यविधीला लोक थांबलेत आणि हे इथे बंद गाडी बाहेर काढायला धडपडतायत. रडणं वगैरे काही नाही. दुःख झालेला माणूस असा कुठल्यातरी फालतू कामाला चिकटून बसतो हे मी तरी इतकं नेमकं दुसरीकडे बघितलेलं नाही.

शेवटी चालती ट्रेन पकडताना ते वडिलांच्या बॅगा टाकून देतात, त्यावर बरेच जण 'ओझं उतरलं' वगैरे लिहितात. मला त्याहून आवडलं ते पुढचं. थोरला पासपोर्ट परत द्यायला काढतो आणि दोघं म्हणतात, राहू दे, तुझ्याकडेच ठेव.

पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा तेवढा 'आध्यात्मिक' शब्द काढा. आणि गाण्यांबद्दल एक ओळ टाका, सत्यजित राय यांच्या 'जलसाघर'चं विलायत खाँ साहेबांचं संगीत यात वापरलंय, वाचकांना ते कळलं तर निदान कान देऊन बघतील.

आपली,
एक नियमित वाचक